मदत हवी आहे: उबंटूवरचं फोल्डर विंडोजवर उघडेना

लेथवाला: उद्यमनगरात आमचं वर्कशॉप. ड्रॉइंग सगळी उबंटूच्या, म्हणजे लिनक्सच्या पीसीवर. विंडोजला फोल्डर दिसावं म्हणून सांबा टाकलंय, फोल्डर शेअर केलंय. विंडोजवरून उघडायला गेलं की पासवर्ड मागतंय आणि बरोबर दिला तरी चूक म्हणतंय. कालपासून डोकं उठलंय, पार्टीचा माल उद्या जायचाय. पटकन सांगा.

रंकाळाकाठ: कुठलं विंडोज? पासवर्ड कुठला देताय?

लेथवाला: पासवर्ड म्हणजे पासवर्ड. उबंटू चालू करताना देतो तोच.

तांबडापांढरा: भावा, लिनक्सचा नाद सोड. सगळीकडं विंडोज टाक, विषय संपला.

रंकाळाकाठ: तिथंच गोम आहे. सांबाचा पासवर्ड वेगळा असतोय. टर्मिनलमध्ये 'सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' आणि पुढं उबंटूचं युजरनेम टाका, नवा पासवर्ड द्या. विंडोजवर तेच युजरनेम आणि हा पासवर्ड. विंडोजचा पिन इथं चालत नाही.

खिशातपेनड्राइव्ह: एवढा कुटाणा कशाला? मी पेनड्राइव्हनंच नेतो. फक्त पेनड्राइव्हचं फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीवरची फाइल बसत नाही, एक्सफॅट करून घ्या.

रंकाळाकाठ: लेथच्या जॉबचं ड्रॉइंग ४ जीबीचं?

शाहूपुरीकर: प्रिंटर दिसत नसेल तर स्पूलर रिस्टार्ट करून बघा.

लेथवाला: प्रिंटर कुणी काढला इथं? लॅपटॉपवर उघडलं, आभारी आहे! पण मशिनजवळच्या पीसीवर अजून नाही. पाथच सापडत नाही म्हणतंय.

रंकाळाकाठ: त्याच्यावर काय आहे?

लेथवाला: विंडोज एक्सपी. मशिनचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतंय.

रंकाळाकाठ: हे आधी सांगायचं की राव!

जुनंखोड: एक्सपीला फक्त एसएमबी१ कळतं, म्हणजे फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल. सांबानं ४.११ पासून ते बंद करून ठेवलंय. ते परत चालू करायला सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये (एसएमबी.कॉन्फ) ग्लोबलखाली 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१' आणि 'एनटीएलएम ऑथ = येस' लिहा, सांबा रिस्टार्ट करा.

रंकाळाकाठ: असले सल्ले देऊ नका. २०१७ चं वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं, एसएमबी१ मधूनच पसरलं.

जुनंखोड: ती खोट विंडोजच्या एसएमबी१ मध्ये होती, सांबात नव्हे.

रंकाळाकाठ: आणि एक्सपी कुणाचं? त्यापेक्षा उबंटूवर एफटीपी (फाइली पाठवायची दुसरी पद्धत) टाका, एक्सपीच्या एक्सप्लोररमध्ये थेट उघडतंय.

जुनंखोड: त्यात पासवर्ड उघडाच जातो. चोराला किल्ली नको म्हणून दारच काढून ठेवायचं?

तांबडापांढरा: उद्यमनगरात कुठं आहे वर्कशॉप? जवळपास मिसळ बरी कुठं मिळते?

लेथवाला: एनटी१ केलं, चाललं. जॉब लावलाय मशिनवर.

रंकाळाकाठ: राउटरमधून त्या एक्सपीचं इंटरनेट बंद केलं का?

रंकाळाकाठ: ओ लेथवाले?

तांबडापांढरा: मिसळीचं पण राहिलं.