शब्दचर्चा : ‘श्रीमंत’, ‘धनवान’ आणि देवापुढची बरोबरी

विचारणा (शरणपूर रस्ता, नाशिक)

गेल्या महिन्यात आमच्या आजी ख्रिस्तवासी झाल्या. स्मरणार्थ झालेल्या उपासनेत पाळकसाहेब “आजी खऱ्या अर्थाने श्रीमंत होत्या” असे म्हणाले आणि लगेच स्वतःलाच थांबवून त्यांनी “देवाच्या दृष्टीने धनवान होत्या” अशी दुरुस्ती केली. आजींच्या मागे एक पत्र्याची पेटी राहिली. तिच्यात दोन नऊवारी लुगडी, पाने सुटी झालेले गीतांचे पुस्तक आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली, पुढच्या रविवारच्या अर्पणाची वीस रुपयांची नोट, एवढेच होते. या दोन शब्दांच्या अर्थांत खरोखर काही अंतर आहे, की ती केवळ पाळकसाहेबांची बोलण्याची सवय आहे? कबरीवरच्या दगडाचा मजकूर ठरवायचा असल्यामुळे विचारतो आहे.

पहिले उत्तर

अंतर आहे, आणि ते व्युत्पत्तीपासूनच सुरू होते. ‘धनवान’ म्हणजे ज्याच्याजवळ धन आहे तो. त्यापलीकडे हा शब्द काही सांगत नाही. ‘श्रीमंत’ या शब्दात मात्र ‘श्री’ आहे, आणि श्री म्हणजे लक्ष्मी तर खरीच, पण शोभा, तेज आणि मानही. म्हणूनच पेशव्यांच्या नावामागे ‘श्रीमंत’ लागले, ‘धनवान’ कधी लागले नाही. पेशव्यांचा सरकारवाडा ज्या गावात उभा आहे, त्या गावाला हे वेगळे सांगायला नको. आपल्या भाषेत श्रीमंती ही नुसती मालमत्ता राहिली नाही, ती पदवी झाली. पैसा आणि आदर एकाच शब्दात नांदू लागले.

ख्रिस्ती शिकवणीचा आक्षेप नेमका या एकत्र नांदण्यालाच आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला शेतकरी जुनी कोठारे मोडून मोठी बांधायला निघतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. कांदा चाळीत भरून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्या निफाड-पिंपळगावच्या माणसाला हा दाखला समजावून द्यावा लागत नाही (अर्थात आपला चाळवाला बहुधा कर्जात असतो, दाखल्यातला तसा नव्हता). त्या मनुष्याने धान्य साठवले हा त्याचा दोष सांगितलेला नाही. स्वतःसाठी साठवले आणि देवाविषयी तो धनवान नव्हता, हा सांगितला आहे. पाळकसाहेबांच्या कानात हेच वाक्य असावे, म्हणून त्यांनी शब्द बदलला असे मला वाटते.

दुसरे उत्तर

वरील व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु निष्कर्ष पूर्णपणे मान्य नाही. आपण ‘मनाचा श्रीमंत’ म्हणतो, ‘मनाचा धनवान’ कोणीच म्हणत नाही. म्हणजे ‘श्रीमंत’ हा शब्द पैशापासून सुटू शकतो, ‘धनवान’ सुटत नाही. मराठी बायबलाच्या वापरात दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे एक शुद्ध आणि दुसरा अशुद्ध असे ठरवता येणार नाही.

मला यापेक्षा सर्वनामांचा प्रश्न मोठा वाटतो. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत दोघे जण येतात, एक सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रे ल्यालेला, दुसरा मळक्या कपड्यांतला गरीब. पहिल्याला चांगली जागा मिळते. दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायाशी बसायला सांगितले जाते. मूळ ग्रीकमध्ये दोघांनाही एकाच एकवचनी सर्वनामाने बोलावले आहे, भेद आहे तो जागेचा. मराठीत हेच वाक्य म्हणून पाहा. अंगठीवाल्याला “आपण इकडे बसा” आणि दुसऱ्याला “तू तिकडे उभा राहा” असे आपल्या तोंडून आपोआप निघते. खुर्ची दाखवण्याआधी सर्वनामानेच पंगत लावलेली असते. त्या पत्रात या वागण्याला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘चेहरा धरणे’ असा आहे, आणि आपले ‘तोंड पाहून वागणे’ त्याला इतके चपखल बसते की ‘पक्षपात’ हा संस्कृत शब्द त्यापुढे फिका वाटतो.

आणि त्याच मराठीत देवाला सगळे ‘तू’ म्हणतात. प्रभूच्या प्रार्थनेत “हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो” असे बंगलेवालाही म्हणतो आणि त्याच्याकडे धुणीभांडी करणारी बाईही म्हणते. आपण “पाळकसाहेब म्हणाले” असे लिहितो, पण “येशू म्हणाला” असेच वाचतो. वारकऱ्यांच्या विठ्ठलाचेही तसेच आहे. ख्रिस्ती भाषांतरकारांना ही वाट इथे तयारच सापडली असणार.

तिसरे उत्तर

बरोबरीचा विषय निघाला आहे तर ‘दास’ हा शब्दही घ्यावा. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र हा भेद नाही असे म्हटले आहे. नाशिकच्या कानाला ‘दास’ हा मानाचा शब्द आहे, कारण समर्थांनी टाकळीला तप केले आणि ‘रामदास’ या नावातला दास स्वेच्छेचा आहे. पौलाच्या वाक्यातला दास मात्र बाजारात विकला जाणारा माणूस आहे. त्याला साधा मराठी शब्द ‘गुलाम’.

हा फरक नाशिकच्या ख्रिस्ती वस्तीने, शरणपुराने, प्रत्यक्ष पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथल्या मिशनच्या आश्रयाला होती आणि तिथे शिकत होती. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांच्यासाठी प्रार्थना त्याने वाचली, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत तोही होता. ‘शरण’ हा शब्द ज्या वस्तीच्या नावातच आहे, तिथे ‘दास व स्वतंत्र’ हे शब्द मोठ्याने वाचले जात असताना ऐकणाऱ्यांत एकेकाळचे दास आणि स्वतंत्र असे दोन्ही होते. ‘दास’ वाचताना ‘गुलाम’ हा अर्थ मनात धरला नाही, तर त्या ओळीतला दम निघून जातो.

जाता जाता ‘गरीब’विषयी : हा मूळचा अरबी शब्द, आणि तिथे त्याचा अर्थ परका, परदेशी असा आहे. ‘गरीब गाय’ म्हणताना आपण त्याला सौम्य केले. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या “आत्म्याने दीन ते धन्य” या ओळीत मात्र ‘दीन’च राहू द्यावा, ‘आत्म्याने गरीब’ म्हटले की ऐकणाऱ्याला बुद्धीने कमी असे वाटते.

विचारणाऱ्याकडून

सर्वांचा आभारी आहे. दगडावर अक्षरे कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो, त्यामुळे मजकूर तसाही आखूडच हवा होता. काकांचा नावाआधी ‘श्रीमती’ कोरण्याचा आग्रह होता. त्यातही तोच ‘श्री’ आहे हे मी त्यांना दाखवले. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की आजींना शेजारच्या बायका नुसत्या नावानेच हाक मारीत. आता नाव, दोन तारखा आणि खाली प्रभूच्या प्रार्थनेतले “तुझे राज्य येवो” एवढेच कोरायला दिले आहे.