मूव्हइट : पॅच वेळेत मारला म्हणजे वाचलो?

खडकवासला

परवा इथे एकांनी लिहिलं, "मूव्हइटचा पॅच ज्यांनी वेळेत मारला ते वाचले. बाकीचे आळशी ॲडमिन, त्यांची कीव कशाला?" तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा. (मूव्हइट म्हणजे कंपन्यांच्या फायली इकडून तिकडे पाठवायचं सॉफ्टवेअर, पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती.)

तारखा बघा. मूव्हइट बनवणाऱ्या प्रोग्रेसने भोक जाहीर करून पॅच दिला ३१ मे २०२३ ला. डेटा चोरून खंडणी मागणारी क्लॉपची टोळी २७ मेपासून सर्व्हरांत शिरत होती. तो शनिवार, आणि सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी. एसक्यूएल इंजेक्शनचं भोक (बाहेरून डेटाबेसला भलतीच आज्ञा देता येते ते), आत यायला लॉगिनसुद्धा लागत नव्हतं. पॅच नव्हताच, तर ॲडमिनने मारायचं काय?

आम्ही तेव्हा पुण्यातून एका परदेशी क्लायंटचा मूव्हइट सांभाळत होतो. १ जूनला ब्रिज कॉलवर (सगळ्यांच्या एकत्र फोनवर) आलो, तोवर त्यांच्या माणसाने पॅच मारून तिकीट बंदही केलं होतं. मला राहवेना, म्हणून वेबरूटचं, म्हणजे वेबच्या फायलींचं, फोल्डर उघडलं. 'ह्यूमन डॉट एएसपीएक्स' ही मूव्हइटची स्वतःची फाइल. तिच्या खालीच 'ह्यूमन२ डॉट एएसपीएक्स', तारीख २८ मे. ब्राउझरमधून उघडली तर ४०४. फाइल डोळ्यांसमोर दिसतेय आणि सर्व्हर म्हणतोय अशी फाइलच नाही! विनंतीसोबतच्या ठरावीक हेडरमधून पासवर्ड आला तरच ती उत्तर द्यायची. युजरच्या यादीत 'हेल्थ चेक सर्व्हिस' नावाचं एक खातं होतं, जे आमच्यापैकी कुणीच काढलेलं नव्हतं. पॅचने दार लावलं, पण चोर आतच होता आणि तिकीट बंद होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : आधी ८० आणि ४४३ हे वेब पोर्ट बंद करा (हे प्रोग्रेसनेच सांगितलं होतं, फायली पाठवायचा दुसरा मार्ग, एसएफटीपी, त्यात चालू राहतो), मग आत कोण येऊन गेलं ते शोधा, मग पॅच. "किती तासांत पॅच मारला?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे.

पोर्ट बावीस

तारखा बरोबर आहेत. पण तुम्ही एक अपवाद घेऊन नियम करताय. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं) विंडोजच्या ज्या भोकातून पसरलं, त्याचा पॅच मार्च २०१७ मध्ये आला, हल्ला १२ मेला. मधे दोन महिने! इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीचंही तेच. त्यांच्या वेबसाइटमागच्या स्ट्रट्स सॉफ्टवेअरचा पॅच मार्चमध्ये, चोर शिरले मेमध्ये, १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. तिथे कोणता झिरो डे (पॅच येण्याआधीच वापरलेलं भोक) होता?

मी एका सहकारी संस्थेत कामाला होतो. एफटीपी सर्व्हर १४ महिने बिनपॅचचा. दर महिन्याला मी मेल टाकायचो, दर महिन्याला उत्तर, "चालतंय ना? मग हात लावू नका." शेवटी रॅन्समवेअर आलं तेव्हा चौकशी कुणाची झाली? माझी. ते १४ मेल प्रिंट काढून टेबलावर ठेवले म्हणून वाचलो. तेव्हा "पॅच दुसऱ्या नंबरचा" हे वाक्य असल्या साहेबांच्या हातात देऊ नका. ते त्याची फ्रेम करून लावतील.

जुना युनिक्सवाला

पॅच म्हणजे देवाचा प्रसाद, आला की तोंडात टाकायचा, हे मला तीस वर्षांत कधी पटलेलं नाही. १९ जुलै २०२४ आठवा. सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने ८५ लाख विंडोज मशीनं आडवी. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. आधी टेस्ट, मग प्रॉडक्शन. घाई कुणाला आहे?

पोर्ट बावीस

काका, ती कंटेंट फाइल (धोके ओळखायची माहिती) होती, पॅच नव्हता. आपोआप उतरलेली, ॲडमिनला विचारलंही नव्हतं. आंबा आणि फणस एका टोपलीत घालू नका.

जुना युनिक्सवाला

बरं, फणस काढला. मग क्लिओ घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी ५.८.०.२१ ही पॅचवाली आवृत्ती दिली, लोकांनी इमानदारीत मारली, आणि डिसेंबरात ती मारलेले सर्व्हरच फुटले. मग ५.८.०.२४ आली. हे तर फाइल ट्रान्सफरचंच सॉफ्टवेअर आहे ना? मूव्हइटलाही जूनमध्ये आणखी दोन भोकं निघाली, ९ आणि १५ तारखेला. पहिला पॅच मारून निवांत झोपलेल्यांना पुन्हा उठावं लागलं.

न्हावाशेवा

२०१७ चं नॉटपेट्या व्हायरसचं प्रकरण तर युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरलं. आमच्या इथे जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल त्यात ठप्प झालं होतं. मामांचे दोन ट्रेलर रस्त्यावर उभे, ड्रायव्हर पावसात केबिनमध्ये. मामांना मी व्हायरस समजावत होतो, ते विचारत होते, "डिझेलचे पैसे कोण देणार?"

रात्रपाळी

सगळं वाचलं. खडकवासला म्हणतात "आधी बंद करा". बंद करायचा हक्क कुणाला आहे, ते आधी सांगा.

ॲक्सेलियन, हेही फाइल ट्रान्सफरचंच, फुटलं डिसेंबर २०२० मध्ये, नाताळच्या तोंडावर. मूव्हइट मेमोरियल डेला. क्लिओ पुन्हा डिसेंबर. टोळी सुट्टी बघूनच येते. परदेशी क्लायंटची सुट्टी म्हणजे तिकडे कुणी फोन उचलत नाही आणि जागे कोण? हिंजवडीतली आम्ही पोरं. अलर्ट आम्हाला दिसतो, सर्व्हर बंद करायची परवानगी तिकडच्या साहेबाची, आणि तो तळ्यावर मासे धरायला गेलेला. मी एकदा पहाटे ३ वाजता, बहिणीच्या हळदीच्या रात्री, मांडवामागे लॅपटॉप मांडीवर घेऊन दीड तास एका 'अप्रूव्ह्ड'ची वाट बघत बसलो होतो. हाताला हळद, कीबोर्ड पिवळा. डोळ्यांसमोर डेटा बाहेर जातोय आणि मी वाट बघतोय. त्या रात्रीचा कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) आजतागायत मिळालेला नाही.

ऑडिटवाली

तुमची रात्र वाईट गेली, मान्य. पण ज्याला वाटलं त्याने प्रॉडक्शन बंद केलं तर पगाराच्या फायली, बँकेच्या फायली, सगळं अडकतं. चेंजची (बदलाआधी मंजुरी घ्यायची) प्रक्रिया कुणाला छळायला लिहिलेली नाही. मी अशी चार ठिकाणं तपासली आहेत जिथे एका उत्साही माणसाने "संशय आला" म्हणून सर्व्हर बंद केला आणि संशयाचं कारण निघालं बॅकअपचा जॉब.

रात्रपाळी

ताई, प्रक्रिया लिहिणारे रात्री झोपतात! पगार एक दिवस उशिरा झाला तर लोक चिडतील. पगाराची अख्खी फाइलच चोरीला गेली तर? पगाराचं काम करणाऱ्या, मूव्हइट वापरणाऱ्या झेलिसमधून बीबीसी, ब्रिटिश एअरवेज आणि बूट्सच्या कर्मचाऱ्यांचं नेमकं तेच झालं.

ऑडिटवाली

आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. 'झोपतात' हे मागे घ्या. आमच्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा, हल्ला सहा तासांत कळवण्याचा नियम आल्यापासून मीही कित्येक रात्री जागून काढल्या आहेत.

रात्रपाळी

'झोपतात' मागे घेतलं. कॉम्प ऑफचं नाही.

जुना युनिक्सवाला

कॉम्प ऑफवर वेगळा धागा काढा. आमच्या वेळी तर...

रात्रपाळी

काका, नको. वेगळा धागा नको. हाच मुद्दा आहे. रात्री जागणाऱ्याला ना हक्क, ना मोबदला, आणि मग 'आळशी ॲडमिन' म्हणून शिवी मात्र त्यालाच.

पोर्ट बावीस

हे खरं आहे. मूळ पोस्टवर मीच लाइक टाकलं होतं, ते काढतो. पण खडकवासला, तुमचा क्रम झिरो डेला लागू, रोजच्या पॅचला नाही, एवढं तरी कबूल करा.

खडकवासला

करतो. रोजच्या पॅचला तुमचंच खरं, आणि तुमचे १४ मेल आमच्याकडच्या नव्या पोरांना दाखवायला हवेत. पण इंटरनेटला उघडा असलेला फाइल ट्रान्सफर सर्व्हर रोजचा धरायला मी तयार नाही. त्यात लोकांचे पगार, तब्येतीचे कागद, सगळं एका जागी गोळा झालेलं असतं. टोळी तिथेच परत परत येते ती उगाच नाही. क्रोल या तपास कंपनीच्या तपासात तर मूव्हइटवर २०२१ पासून चाचपणी चालू असल्याच्या खुणा सापडल्या. म्हणून लॉग (सर्व्हरच्या नोंदी) मागे जाऊन बघा, निदान पॅचच्या तारखेच्या महिनाभर आधीपासून.

ऑडिटवाली

लॉग १८० दिवस ठेवायचे हे सर्ट-इनने २०२२ मध्येच सांगितलंय. ठेवतात, बघत कुणी नाही. इथे मी तुमच्या बाजूने.

खडकवासला

रात्रपाळी, हक्काबद्दल. त्या प्रकरणानंतर आम्ही करारात भांडून एक ओळ घातली : "फाइल ट्रान्सफर सर्व्हरवर अनोळखी फाइल किंवा खातं दिसल्यास शिफ्टवरील अभियंता परवानगीविना वेब पोर्ट बंद करेल आणि १५ मिनिटांत कळवेल." सात महिने लागले.

ऑडिटवाली

"करेल" नको, "करू शकेल, आणि त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होणार नाही" असं हवं. नाहीतर चूक झाली की त्यालाच धरतील. बॅकअपचा जॉब निघाला तरीही.

रात्रपाळी

ताई, ही ओळ उद्याच मॅनेजरला पाठवतो.