मदत हवी आहे: शारजातली नोकरी सोडून रत्नागिरी जि.प.ला रुजू व्हावं का?

सड्यावरची: लवकर सांगा, फार वेळ नाही. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत माझं नाव लागलंय, रत्नागिरी जिल्हा परिषद. कागदपत्र तपासणीला बोलावलंय. आम्ही दोघं शारजात शिकवतो. नवरा म्हणतो तू जा, मी थांबतो. सासरे पावसला एकटे, आंब्याला मोहर धरला की फवारणीला माणूस मिळत नाही. यावं की नाही?

खाडीकाठ: कुठला गट? टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) कोणता पेपर? राहतं घर कोणाच्या नावावर? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निवृत्त गुरुजी: बाई, डोळे मिटून या. सरकारी नोकरी आहे, म्हातारपणी पेन्शन.

खाडीकाठ: गुरुजी, तुमचं वेगळं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. शिवाय पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, प्राथमिकला पगाराऐवजी मानधन, महिन्याला १६,००० रुपये.

निवृत्त गुरुजी: तीन वर्षं निघतात हो. राजापूरला एका वाडीवर मी एकाच खोलीत दोन वर्ग घेतले. पहिलीची तोंडं एका भिंतीकडे, चौथीची समोरच्या. त्या पोरांना शिकवणारं माणूस हवंच आहे.

मालवणी झील: ताई, आधी कलमांचा बघा. सासऱ्यांका एकट्यांका फवारणी झेपाची नाय. बाग कराराने देवन टाका, मगे ठरवा.

चिपळूण ते दुबई: इकडे येणाऱ्यांनी पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा आणि दूतावासाचा शिक्का आधी मारून घ्यावा.

सड्यावरची: अहो, मी इथेच आहे! सहावी ते आठवी, विज्ञान, पेपर दोन पास. घर माझ्या शाळेने दिलंय.

खाडीकाठ: हे आधी सांगायचं ना! तुम्ही निघालात की नवऱ्याला भाड्याने घर घ्यावं लागणार. ते भाडं आणि तुमचं मानधन शेजारी मांडून बघा.

चिपळूण ते दुबई: राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटीही कापतात.

होडीवाली: चूक. यूएईच्या फेब्रुवारी २०२२ पासूनच्या कायद्यात राजीनाम्यालाही कापत नाहीत. वर्ष भरलं असेल तर पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. नोटीस ३० ते ९० दिवस, करार बघा. आणि मार्चआधी निघू नका, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात.

सड्यावरची: नोटीस ६० दिवस. पैशांचं गणित मांडून झालंय हो. लग्नाला वर्ष नाही झालं, एकाने इथे आणि एकाने तिथे राहायचं हेच मला पटत नाहीये. रात्री जेवताना विषय निघतो आणि दोघंही गप्प बसतो.

होडीवाली: मग या तर दोघांनी या, नाहीतर दोघं थांबा. तुमच्या नवऱ्याने भरतीची अभियोग्यता चाचणी दिली होती का?

सड्यावरची: दिली. जि.प.च्या यादीत नाव नाही. खाजगी संस्थांच्या मुलाखती बाकी आहेत.

खाडीकाठ: मग त्या होईपर्यंत राजीनामा लिहू नका. रजा काढून तपासणीला या, मूळ कागद सोबत आणा. तपासणी झाली म्हणजे रुजू झालात असं नाही. रुजू होण्याच्या मुदतवाढीचं तिथेच विचारा आणि अर्ज लेखी द्या.

मालवणी झील: आणि बागेचा?

सड्यावरची: सासऱ्यांशी आज बोलते. रजेचा अर्ज टाकतेय. माझ्या मूळ पदवीच्या मागे दूतावासाचा शिक्का आहे, तपासणीत अडवणार नाहीत ना?