प्रतिसाद: काळ्या रंगावर आलेली दुधी झाक

'नाइट रायडर' या टीव्ही मालिकेतल्या १९८२ च्या पॉन्टिअ‍ॅक ट्रान्स अ‍ॅम गाडीच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या बॉडीवर काळा लॅकर (थिनर उडून झटपट वाळणारा रंग) मारला आणि पांढुरकी झाक आली, असं तुम्ही लिहिलंय. डब्याचा दोष नाही. नाशिकला श्रावणाच्या झडीत हे होतंच. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प ओल्या रंगावर धरतं आणि आत अडकतं. घासू नका. उघडीप मिळाली की दुपारी रिटार्डर (रंग सावकाश वाळू देणारं द्रावण) घातलेल्या थिनरचा एकच हलका फवारा द्या, झाक बहुतेक वेळा निघून जाते.

पुढच्या वेळी बॉडी आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याच्या रेघा ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा. मग राखाडी प्रायमर, त्यावर काळ्याचे ३ पातळ हात, मध्ये १५ मिनिटं. बोनेटच्या कडांना जपा, पॉलिश करताना रंग तिथेच आधी उडतो.

नाकावरच्या स्कॅनरला (लाल दिव्यांच्या पट्टीला) आधी चंदेरी, वर पारदर्शक लाल. थेट काळ्यावर मारलेला लाल दिसतच नाही. काचांना सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने त्या धुरकटतात. टूथपिकने फेविकॉलचा बारीक टिपका पुरतो.