मोगल दरबारातील जेझुइट: धर्मगुरू की गोव्याचे वकील?

प्रश्न
१५७९ साली अकबराने गोव्याला दूत धाडून जेझुइट, म्हणजे 'सोसायटी ऑफ जीझस' या कॅथलिक संघाचे, पाद्री मागवले आणि १५८० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रोदोल्फो आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेस फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. बादशहा ख्रिस्ती होणार नाही हे दिसू लागल्यावरही पुढे गोव्याहून पाद्री जातच राहिले, ते केवळ धर्मप्रसारासाठी असेल का?

प्रतिसाद १
केवळ त्यासाठी नव्हे. सुरतेहून मक्केकडे जाणाऱ्या जहाजांना पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, घ्यावा लागे; अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलाही त्यापायी सुरतेत बराच काळ खोळंबावे लागले. ज्याच्याशी असा रोजचा व्यवहार, त्याच्या दरबारात फारसी जाणणारा आपला माणूस कायम असावा, असे गोव्याच्या व्हाइसरॉयला वाटणे साहजिकच होते. १५९५ मध्ये लाहोरला गेलेला जेरोम झेव्हियर जवळपास वीस वर्षे मोगलांकडे राहिला, आणि त्याने १६०२ मध्ये फारसीतले येशूचे चरित्रही अकबराला सादर केले. इंग्रज कप्तान हॉकिन्स १६०९ मध्ये आग्र्याला आला, तेव्हा त्याचे बस्तान बसू नये म्हणून खटपट करणाऱ्यांत हेच पाद्री होते.

प्रतिसाद २
तरीही त्यांना सरळ वकील, म्हणजे गोव्याचे राजकीय प्रतिनिधी, म्हणणे मला पटत नाही. अकबर खानदेशच्या सुलतानाच्या असीरगडाला वेढा देऊन बसला असता त्याने झेव्हियरला चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा व दारूगोळा मागवणारे पत्र लिहिण्यास फर्मावले. हे आपल्या धर्माला सोडून आहे, असे सांगून झेव्हियरने नकार दिला आणि बादशहाचा रोष ओढवून घेतला. (खानदेशच्या सुलतानाशी पोर्तुगीजांचे सख्य होते, त्यामुळे हा धर्मविचार गोव्याला सोयीचाच ठरला, हे मान्य.) पगारी वकिलाने निदान आजचे उद्यावर ढकलले असते.

प्रतिसाद ३
ते स्वतःला काय समजत होते यापेक्षा दरबार त्यांना काय समजत होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाज सुरतेजवळ पकडले, त्या जहाजाकडे कार्ताझ असतानाही. जहांगीरने दमणवर फौज पाठवली, पण त्याबरोबरच आग्र्यातले चर्च बंद करवले आणि पाद्र्यांचा तनखा तोडला. समुद्रातल्या आगळिकीत या पाद्र्यांचा काडीचाही संबंध नव्हता. गोव्याचे म्हणून हाताशी सापडणारे तेवढेच होते. पुढे तहाची बोलणी करायची वेळ आली, तेव्हा मध्यस्थ म्हणून पुढे झाला तोही जेरोम झेव्हियरच.