गोल्फने घाम येतो का?
गोल्फमध्ये व्यायाम कसला, दोन फटके मारायचे आणि कार्टमध्ये, म्हणजे मैदानावरच्या छोट्या गाडीत, जाऊन बसायचे, असे काही जण म्हणतात. कार्टमध्ये बसणाऱ्यांपुरते ते मला मान्य आहे. मात्र 18 होलचा, म्हणजे चेंडू एकेक करून 18 खळग्यांत घालायचा, खेळ पायी पुरा केला, तर चार तासांच्या आसपास सात-आठ किलोमीटर चालणे सहज होते, आणि 14 क्लबांची, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांची, पिशवी स्वतः उचलली, तर मडगावच्या बाजारातून नारळ वाहून आणल्यासारखे खांदे बोलू लागतात. गोव्यातल्या काणकोणच्या राजबागचे मैदान 9 होलचे असल्याने तेच दोनदा फिरावे लागते. सकाळी दवाने ओल्या गवतावरून चेंडू घरंगळला की मागे काळसर रेघ उमटते, आणि तिच्या मागोमाग जाताना आपण किती चाललो याचे भान राहत नाही. घरच्या ट्रेडमिलवर मी दर मिनिटाला घड्याळ पाहत असे. फटका एकाच बाजूला वळून मारला जात असल्याने कंबर आधी मोकळी करून घ्यावी. मी ते टाळले, आणि नंतर आठवडाभर बुटाची नाडी बांधायलाही वाकता येत नव्हते. आपल्याकडच्या दमट हवेत पाणी जवळ बाळगावे आणि ऊन चढण्याआधी निम्मा खेळ होईल अशा बेताने सुरुवात करावी.