होमस्टेडचा संप की होमस्टेडची टाळेबंदी?

रेवती
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या पोलाद कामगारांवरचा लेख मराठीत आणते आहे. गाव होमस्टेड, पेनसिल्व्हेनिया, साल १८९२. कार्नेगी स्टीलचा मालक अँड्र्यू कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडला होता, कारभार हेन्री क्ले फ्रिककडे. युनियनशी असलेला मजुरीचा करार ३० जूनला संपणार होता. फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं, वर काटेरी तार ओढली आणि करार संपायच्या आतच, २८ जूनपासून एकेक खातं बंद करत कामगारांना बाहेर काढलं. मी लिहिलं, ‘होमस्टेडची टाळेबंदी’. मुद्रितशोधकांनी खोडून ‘होमस्टेडचा संप’ केलं. म्हणाले, टाळेबंदी म्हटलं की वाचकाला करोना आठवतो. मी हसण्यावारी नेणार होते, पण अकरावीतल्या भाचीला मजकूर वाचायला दिला तर तिने विचारलं, “तेव्हा कुठली साथ होती?” आता ‘संप’ ठेवला तर दार कामगारांनी लावलं असं होतं, आणि ते खोटं आहे. काय करावं?

कलमबहाद्दर
टाळेबंदी हाच शब्द ठेवा. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात लॉकआउट होता, आणि कायद्याच्या मराठीत लॉकआउट म्हणजे टाळेबंदी. कारखाना कायमचा बंद करणं वेगळं, कामगारकपात वेगळी. टाळेबंदीत मालक म्हणतो, माझ्या अटी मान्य करा, मग दार उघडतो. २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी हा शब्द उचलून भलत्याला चिकटवला, म्हणून आपण तो सोडून द्यायचा का?

मावळतीचं ऊन
सोडायचा नाही हे ठीक, पण वाचकाचं काय? शब्दाचा अर्थ कोशात नसतो, वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो. आज शंभरातल्या नव्वदांना टाळेबंदी म्हणजे पोलिसांच्या काठ्या आणि रिकामे रस्ते.

कलमबहाद्दर
वाचायला असेल, बोलायला नाही. “आमचं लग्न लॉकडाउनमध्ये झालं” असंच सगळे सांगतात. “टाळेबंदीत झालं” असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. लोकांनी तो शब्द त्या अर्थाने तोंडात घेतलाच नाही, तेव्हा जुन्या अर्थासाठी तो मोकळाच आहे.

गिरणगावचा
रेवतीताई, ‘संप’ अजिबात लिहू नका. माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. संप मोडत गेला, वडील कामावर परतले, आणि पुढे काही वर्षांनी एका सकाळी गेटवर नोटीस लागलेली दिसली. आई आजही म्हणते, “गिरणीला टाळं लागलं.” नातेवाईक मात्र म्हणतात, “संपानं गिरण्या खाल्ल्या.” एकाच गोष्टीची ही दोन वाक्यं. पहिल्यात टाळं लावणारा कुणीतरी आहे, दुसऱ्यात सगळा दोष माझ्या बापाच्या डोक्यावर. होमस्टेडच्या माणसांवर तसला दोष ठेवू नका.

मावळतीचं ऊन
तुमचं पोचलं. तरी एक शंका आहे. इंग्रजी पुस्तकांत ‘होमस्टेड स्ट्राइक’ सर्रास येतं. मग मराठीत ‘संप’ चूक कसा?

पिट्सबर्गवासी
मी तिथून वीसेक मिनिटांवर राहतो. दोन्ही नावं चालतात, तिसरंही चालतं, ‘होमस्टेडची लढाई’. दार आधी लावलं गेलं, हे पक्कं. नंतर कामगारांनी काम नाकारलं, तेही खरं. ३,८०० च्या आसपास कामगारांपैकी युनियनचे सभासद फक्त ८०० होते, कुशल कारागीर. बाकीचे बरेचसे स्लोव्हाक आणि पूर्व युरोपातून आलेले मजूर, ज्यांना युनियनमध्ये जागा नव्हती. ते ८०० जणांच्या पाठीशी उभे राहिले. मला तरी सगळ्यात मोठी गोष्ट ती वाटते, आणि ती ‘टाळेबंदी’ या शब्दात मावत नाही. तिला ‘संप’च हवा.

ओंकारेश्वर
मूळ अर्थ बघितलात तर हेच निघतं. गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा. ‘संप त्यां जंप’, म्हणजे एकी तिथे शांतता, ही त्यांची म्हण. आपल्याकडे एकजूट करून काम थांबवणं असा अर्थ झाला आणि एकजूट मागे पडली. युनियनला वेगळा शब्द लागलाच नसता, संपच पुरला असता.

शब्दवेल्हाळ
मला शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, काम ‘संपवून’ बाहेर पडतात म्हणून संप.

ओंकारेश्वर
गुरुजींचा मान राखून सांगतो, तसं नाही. संपवणं हे ‘समाप्त’च्या घरचं. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही. हरताळचंही तेच. दुकानं बंद ठेवायचा हरताळ म्हणजे हट्ट (जुन्या अर्थाने बाजार) अधिक ताळ, बाजाराला कुलूप. आणि ‘हरताळ फासणं’मधला हरताळ म्हणजे पिवळं खनिज, पोथीतली चूक झाली की त्यावर फासायचं. घरं दोन, नाव एक.

कलमबहाद्दर
म्हणजे हरताळातही टाळं आहेच! फक्त ते दुकानदार स्वतःच्या हाताने लावतो.

शब्दवेल्हाळ
मग ‘कुलूपबंदी’ का नको? शब्द आपला, करोनाचा वास नाही.

मावळतीचं ऊन
कुलूप अरबी-फारसीतून आलं, ‘बंदी’ही फारसीच. आपलं-परकं करायला गेलात तर काहीच शिल्लक राहणार नाही. आणि कुलूपबंदी म्हटलं तर कुलूप लावायलाच मनाई आहे असं वाटतं.

रेवती
सगळ्यांचे आभार. सध्या ‘मालकांनी लादलेली टाळेबंदी’ असं करून बघते. पण तोवर दुसरा अडसर. संप चालू असताना आत जाऊन काम करणाऱ्याला इंग्रजीत ‘स्कॅब’, म्हणजे खपली, असा शब्द आहे, शिवी म्हणूनच वापरतात. मी ‘बदली कामगार’ लिहिलंय.

गिरणगावचा
नको! हात जोडून सांगतो, नको. बदली म्हणजे रोज पाळीच्या आधी गेटवर उभा राहणारा माणूस. कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसाचं काम मिळायचं, नाहीतर हात हलवत घरी. वडील सुरुवातीची सहा वर्षं बदलीच होते, आणि संपात सगळ्यांत आधी उपाशी राहिले ते बदलीच. तुम्हाला हवाय तो संपफोड्या.

रेवती
माफ करा, लगेच बदलते. हे मला माहीत असायला हवं होतं.

मांडवीतीर
मला एक विचारायचंय. ६ जुलैच्या पहाटे फ्रिकने पिंकर्टन या खासगी संस्थेचे ३०० पहारेकरी मनोंगाहेला नदीतून आणले, ते कशातून? रेवतीताईंनी मसुद्याचा तुकडा मला पाठवला होता, त्यात ‘पडाव’ आहे.

पिट्सबर्गवासी
दोन बार्जमधून, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नावांतून. पुढे वाफेची बोट ओढत होती. काठावर गाव जमलं होतं. दिवसभर गोळीबार चालला, दोन्ही बाजूंची मिळून निदान दहा माणसं गेली. पहारेकरी शरण आले, पण आठवडाभरात राज्याचे ८,५०० सैनिक येऊन बसले, आणि नोव्हेंबरात सगळं मोडलं. तिथे पुन्हा युनियन उभी राहायला १९३० च्या दशकाची अखेर उजाडली. कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. आता तिथे दुकानं आहेत आणि ओळीने उभ्या कारखान्याच्या बारा चिमण्या.

गिरणगावचा
चिमण्या ठेवल्या त्यांनी? आमच्याकडच्या बहुतेक पाडल्या.

मांडवीतीर
मग पडाव चालणार नाही. पडावाला शीड असतं, कोकणातून मालवाहतूक करायचे ते. आमच्याकडे मांडवीतून खनिज जायचं ते बार्जीतून, आणि आम्ही बार्जच म्हणतो, अनेकवचन बार्जी.

शब्दवेल्हाळ
तराफा का नाही?

मांडवीतीर
तराफा म्हणजे ओंडके बांधून केलेला. त्यात तीनशे माणसं लपणार कुठे?

ओंकारेश्वर
पडावाबद्दल थांबा जरा. माझे आजोबा वेंगुर्ल्याचे, ते बिनशिडाच्या होडग्यालाही पडाव म्हणायचे. बंदरात मोठं जहाज काठाला लागत नसे, तेव्हा माल उतरवून आणायचं ते होडगं.

मांडवीतीर
त्याला आम्ही वेगळं नाव देतो. बाबांना विचारून सांगतो.